पाचवे शील आणि आपले तोंड



विहारात किंवा घरी आपण हात जोडून त्रिशरण आणि पंचशील ग्रहण करतो. शील मनाने पाळायचे असते, पण त्याचा उच्चार तोंडानेच होतो. ज्या तोंडाने रविवारी पाचवे शील घेतले, त्याच तोंडाला सोमवारी संध्याकाळी पेला लागला, तर त्या तोंडाचे काय होते, हा आजच्या पाठाचा विषय आहे. हा प्रश्न येथे केवळ नीतीचा म्हणून विचारलेला नाही. दात, हिरड्या, जीभ, गाल आणि टाळू यांचे प्रत्यक्ष काय होते ते आपण पाहणार आहोत. दारूने लिव्हर खराब होते हे आता लहान मुलालाही ठाऊक आहे. पण दारू पोटात जाण्याआधी तोंडातून जाते आणि तिच्या खुणा तेथेही उमटतात, हे फार थोड्या घरांत माहीत असते.

शील काय सांगते?

पाचव्या शिलात सुरा आणि मेरय असे दोन शब्द येतात. विनयपिटकात त्यांचा अर्थ सांगितला आहे. पीठ, भात इत्यादींपासून केलेली ती सुरा. फुले, फळे, मध, गूळ यांच्यापासून आंबवून केलेले ते मेरय. म्हणजे ‘मी दारू पीत नाही, नुसती ताडी घेतो’ किंवा ‘बिअर म्हणजे काही दारू नव्हे’ ही पळवाट अडीच हजार वर्षांपूर्वीच बंद झालेली आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्याला ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा स्वतंत्रपणे आहे. पंचशिलात ती गोष्ट आलेली असतानाही ती पुन्हा वेगळी सांगावी लागली, याचा विचार प्रत्येक नवदीक्षित कुटुंबाने करावा.

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी गृहस्थाला मद्यपानाचे सहा तोटे सांगितले आहेत. पैसा जातो, भांडणे वाढतात, रोग जडतात, अपकीर्ती होते, लाज उरत नाही आणि बुद्धी दुबळी होते. यांपैकी तिसऱ्या तोट्याचा एकच भाग, तोंडाचे रोग, आज आपण अभ्यासासाठी घेऊ.

आपल्या माझगावची गोष्ट

माझगावात ताडवाडी आहे. नावातच ताड आहे. मुंबई बेटावर एके काळी ताडामाडांची दाट झाडी होती आणि ताडी काढणे हा कित्येकांचा पिढीजात धंदा होता. पुढे गोदी वाढली, जहाजे बांधण्याचे कारखाने आले. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि त्याने कामगारांसाठी बीआयटी चाळी बांधल्या. ताडवाडीच्या चाळी त्यांतल्याच. झाडे गेली, पण पेला राहिला. १९४९ साली मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला, तेव्हाही हातभट्टी थांबली नाही.

गोदीतले काम अंग मोडणारे. ओझी वाहून, लोखंड ठोकून माणूस संध्याकाळी घरी निघतो. ‘अंग दुखते म्हणून थोडी घेतो,’ असे तो म्हणतो. घर म्हणजे दहा बाय बाराची खोली, त्यात सहा माणसे. ‘घरात बसायला जागा नाही म्हणून गुत्त्यावर बसतो,’ असेही तो म्हणतो. ही दुःखे खोटी नाहीत. पण परळच्या अशाच बीआयटी चाळीत बाबासाहेबांनी आयुष्याची अनेक वर्षे काढली आणि तेथेच रात्र रात्र ग्रंथ वाचले, हेही आपण विसरू नये. लहान खोली हे दुःखाचे कारण होऊ शकते, दारूचे कारण होऊ शकत नाही.

तोंडात दारू काय करते?

पहिली गोष्ट लाळेची. लाळ ही तोंडाची राखणदार आहे. ती अन्नाचे कण धुऊन नेते, आंबटपणा मारते आणि दातांवरचे कवच पुन्हा भक्कम करते. दारूमुळे लघवी वाढते, शरीरातले पाणी कमी होते आणि तोंड कोरडे पडते. रोज भरपूर पिणाऱ्याच्या लाळेच्या गाठीही बिघडतात. काहींच्या कानाखाली दोन्ही बाजूंना न दुखणारी सूज येते आणि गाल फुगल्यासारखे दिसतात. शेजारी म्हणतात, ‘तब्येत सुधारली.’ ती तब्येत नव्हे, तो रोग आहे. लाळ कमी झाली की दात भराभर किडतात आणि तोंडाला घाण येते. तो वास केवळ दारूचा नसतो, कुजणाऱ्या अन्नाचा आणि सुजलेल्या हिरड्यांचाही असतो.

दुसरी गोष्ट दातांची. अति पिणाऱ्याला आंबट ढेकरा येतात, छातीत जळजळते, उलट्या होतात. पोटातले आम्ल पुन्हा पुन्हा तोंडात येते आणि विशेषतः वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू झिजवते. बाहेरून दात बरा दिसतो, आतून तो पातळ होत जातो. मग थंड पाणी झोंबते, गरम चहा झोंबतो. उलटी झाल्यावर लगेच ब्रश घासू नये. आम्लाने मऊ झालेले कवच त्याने खरवडले जाते. साध्या पाण्याने चुळा भराव्या आणि अर्धा-पाऊण तासाने दात घासावे.

तिसरी गोष्ट हिरड्यांची. रात्री पिऊन आलेला माणूस दात घासत नाही, तसाच पडतो. दातांच्या मुळाशी थर साचतो, त्याचे कीटण होते, हिरड्या सुजतात, दातांपासून सुटतात आणि शेवटी न किडलेला दातसुद्धा हलू लागतो. त्यात यकृत बिघडले की रक्त गोठवणारी द्रव्ये शरीरात पुरेशी तयार होत नाहीत. सकाळी चूळ भरताना तांबडे पाणी पडते. कित्येकजण ‘उष्णता झाली’ म्हणून ते सोडून देतात.

चौथी गोष्ट जिभेची आणि ओठांची. जो पितो तो नीट जेवत नाही. पगार गुत्त्यावर गेल्यावर घरच्यांचेही जेवण तुटते. अन्नातली ब आणि क जीवनसत्त्वे मिळत नाहीत. जीभ लालभडक आणि गुळगुळीत होते, तिखट लागताच आग होते, ओठांचे कोपरे चिरतात, तोंड येते आणि लवकर बरे होत नाही.

पाचवी गोष्ट अपघाताची. जिन्यावरून पडून किंवा मारामारीत पुढचे दात मोडतात, जबड्याचे हाड मोडते. याचे स्पष्टीकरण द्यायला नको; चाळीत राहणाऱ्या प्रत्येकाने हे कधी ना कधी पाहिले आहे.

दाढदुखीवर दारू

आपल्याकडे एक जुनी समजूत आहे. दाढ दुखली की तिथे दारूचा घोट धरायचा, किंवा दारूचा बोळा ठेवायचा. त्याने क्षणभर बधिर वाटते, पण कीड तशीच राहते आणि गालाची आतली कातडी मात्र भाजते. अशा घोटातूनच काहींची सवय सुरू होते. ज्या दुखण्याला एका भेटीत उपाय झाला असता, ते दुखणे वर्षभर दारूखाली झाकले जाते आणि शेवटी दाढ काढावी लागते.

दाढ काढतानाही पिणाऱ्याला धोका जास्त असतो. रक्त थांबायला वेळ लागतो. काढलेल्या जागी रक्ताची जी गुठळी बसते ती जखमेचे झाकण असते. त्याच दिवशी दारू प्यायल्यास ते निघून जाऊ शकते आणि भयंकर ठणका लागतो. भरपूर पिणाऱ्याला पॅरासिटामॉलसारखी साधी गोळीही यकृताला अपाय करू शकते, इतर काही वेदनाशामक गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो, आणि मेट्रोनिडाझोल हे औषध चालू असताना दारू घेऊ नये असे डॉक्टर बजावून सांगतात. म्हणून डॉक्टरांपुढे बसल्यावर पहिली गोष्ट खरी सांगायची: ‘मी पितो, इतकी पितो, शेवटची अमुक वेळी घेतली.’

सर्वांत मोठा धोका

१९४१ साली परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. देशाच्या कानाकोपऱ्यातून तोंडाच्या कर्करोगाचे रोगी तेथे येतात. तंबाखूने हा रोग होतो हे आपण ऐकून असतो. पण दारूनेही होतो, हे १९८८ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने निश्चित म्हणून नोंदवले आहे.

तो कसा होतो? दारूतल्या अल्कोहोलपासून शरीरात ॲसिटाल्डिहाइड नावाचे विष तयार होते. हे काम केवळ यकृतात होत नाही, तोंडातले जंतूही ते करतात. तोंड जितके अस्वच्छ, तितके जंतू जास्त आणि तितके हे विष जास्त. ते गालाच्या आणि जिभेच्या पेशींवर घाव घालते. शिवाय अल्कोहोलमुळे तोंडाची आतली पातळ कातडी अधिक झिरपणारी होते, आणि तंबाखूतले विष खोल उतरते. दारू आणि तंबाखू एकत्र आली की धोक्याची नुसती बेरीज होत नाही, गुणाकार होतो.

२०२५ च्या अखेरीस टाटा केंद्राशी संबंधित संशोधकांनी भारतातील पुरुषांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात गालाच्या आतल्या कर्करोगाचे १८०३ रोगी आणि हा रोग नसलेले १९०३ जण यांची तुलना केली होती. रोज सुमारे ९ ग्रॅम अल्कोहोल घेणाऱ्यांतही हा धोका सुमारे ५० टक्क्यांनी वाढलेला आढळला. ९ ग्रॅम म्हणजे किती? साधारण एक लहान पेग. आणि १८० मिलिलिटरच्या एका क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम अल्कोहोल असते. म्हणजे जो ‘रोज एकच क्वार्टर’ म्हणतो, तो त्या मापाच्या सहापटीहून अधिक घेत असतो. गावठी दारू पिणाऱ्यांत धोका आणखी जास्त दिसला. २०२३ च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितले की दारूचे निर्धोक असे कोणतेही प्रमाण नाही. विनयात भिक्षूसाठी गवताच्या काडीच्या टोकाइतकी दारूही वर्ज्य मानली आहे. विज्ञान आज त्याच जागी येऊन पोहोचले आहे.

आमच्या भगिनींनीही येथे एक गोष्ट ऐकावी. दारू पुरुषांनी सोडावी असे आपण म्हणतो ते योग्यच आहे. पण चुलीवर भाजून केलेली मशेरी दातांना लावणे म्हणजे तंबाखूच तोंडात धरणे होय. त्याने दात बळकट होत नाहीत. घरात एकाची दारू आणि दुसऱ्याची मशेरी सुटायची असेल, तर दोन्ही एकाच दिवशी सोडण्याचा निश्चय करावा.

स्थविर सागताची कथा

मद्यपानाविरुद्धचा नियम भिक्षुसंघात कसा आला, याची कथा विनयपिटकात आहे. सागत नावाचे एक स्थविर होते. त्यांनी अंबतित्थ येथे एका भयंकर नागाला जिंकले अशी त्यांची कीर्ती झाली. कौशाम्बीच्या उपासकांनी श्रद्धेपोटी घरोघरी त्यांना मद्य दिले. परिणाम असा झाला की नगरातून बाहेर पडताना सागत वेशीजवळच कोसळले. भिक्षूंनी त्यांना उचलून आणले आणि भगवंतांच्या दिशेला डोके करून निजवले. पण शुद्ध नसलेले सागत वळले आणि भगवंतांकडेच पाय करून झोपले. तेव्हा भगवंतांनी भिक्षूंना विचारले की, नागाशी झुंजणारा हा सागत आता पाण्यातल्या एखाद्या विरोळ्याशी तरी झुंजू शकेल काय? त्यानंतर मद्यपान न करण्याचा नियम घालण्यात आला.

नागाचा चमत्कार बाजूला ठेवा. कथेतले दोन मुद्दे आपल्या कामाचे आहेत. एक, दारू देणारे शत्रू नव्हते, प्रेमाने देणारे लोक होते. आपल्याकडेही लग्नात, हळदीत, पगाराच्या दिवशी हात धरून पाजणारे मित्रच असतात. दुसरा, भगवंतांनी पडलेल्या माणसाला लपवून ठेवले नाही. सर्वांसमोर त्याची स्थिती दाखवली आणि उपाय केला.

आपण याच्या उलट करतो. दीक्षा घेतल्यावर जो पितो त्याला लाज वाटते. ती लाज चांगली आहे. पण ती दारूपासून दूर नेण्याऐवजी डॉक्टरांपासून दूर नेते, तेव्हा घातक ठरते. गालात पांढरा चट्टा दिसतो, तो बायकोला दाखवत नाही. जिभेवर फोड येतो, तो जेवताना घास दुसऱ्या बाजूने चावतो. दंतवैद्याने विचारले तर ‘कधीतरी सणासुदीला’ म्हणतो. अशा रीतीने पाचवे शील मोडलेला माणूस चौथेही मोडतो, आणि त्या खोट्याची किंमत त्याचा जबडा देतो. पालीत शिलाला सिक्खापद म्हणतात. सिक्खापद म्हणजे शिकण्याची पायरी. पायरीवरून घसरलेला माणूस पुन्हा चढू शकतो. पण त्यासाठी त्याने तोंड उघडले पाहिजे: बोलण्यासाठीही आणि दाखवण्यासाठीही.

घरी तपासणी कशी करावी?

महिन्यातून एकदा, म्हणजे पौर्णिमेला विहारात जाण्यापूर्वी, घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने उजेडात आरशासमोर उभे राहावे. चूळ भरावी, हात धुवावे. ओठ उलटून पाहावे. दोन्ही गाल बोटाने ओढून आतली बाजू पाहावी. जीभ बाहेर काढून दोन्ही कडा पाहाव्या, मग ती वर उचलून खालची जागा पाहावी. टाळू पाहावा. शेवटी मानेच्या दोन्ही बाजू बोटांनी चाचपाव्या.

दोन आठवड्यांत न भरलेले क्षत, पांढरा किंवा लाल चट्टा, न दुखणारी गाठ, कारण नसता हलणारा दात, गिळताना त्रास, आवाजातला बदल किंवा तोंड तीन बोटे मावतील इतके न उघडणे, यांपैकी काहीही दिसले तर थांबू नये. दुखत नाही म्हणून काळजी नाही असे समजू नये. हा रोग आरंभी बहुधा दुखत नाही.

नुसते पाहण्याने काय होणार, असे कोणी म्हणेल. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेवकांनी लोकांची तोंडे फक्त डोळ्यांनी तपासली. २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले होते. एका नजरेत एवढे सामर्थ्य आहे.

माझगावकरांना दूर जायला नको. १९३३ साली स्थापन झालेले नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय मुंबई सेंट्रलला आहे. शासकीय दंत महाविद्यालय सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात आहे. डॉकयार्ड रोडवरून गाडीत बसले की तिसरे स्टेशन म्हणजे सीएसएमटी. दोन्ही सार्वजनिक संस्था आहेत. एक दिवसाची रजा पडेल, पण ती रजा वाया जाणार नाही.

सोडताना घ्यावयाची काळजी

वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली तर हातपाय थरथरणे, घाम, फीट येणे, भ्रम होणे असे प्रकार होऊ शकतात आणि त्यात जीवही जाऊ शकतो. म्हणून अशा माणसाला घरात कोंडून ठेवू नका. रुग्णालयात न्या, तेथे औषधे देऊन सुरक्षितपणे दारू सोडवता येते. पुण्याला १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र हेच काम करते. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभाही मुंबईत भरतात. तेथे नाव-गाव विचारत नाहीत, पैसे मागत नाहीत.

आणि सोडल्याने उपयोग होतो. दारू कमी केल्याने किंवा सोडल्याने तोंडाच्या कर्करोगाचा धोका कमी होतो, असा निष्कर्ष त्याच आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२३ साली काढला. हिरड्यांची सूज उतरते, जिभेला चव येते, लाळ पुन्हा सुटते. मूल जवळ आले की बापाला तोंड फिरवावे लागत नाही.

शेवटी एक लहान गोष्ट. विनयपिटकात भगवंतांनी भिक्षूंना दातवण वापरण्याची अनुज्ञा दिली आणि त्याचे पाच लाभ सांगितले. त्यांत तोंडाला दुर्गंध येत नाही आणि अन्नाची गोडी लागते, हेही आहेत. जगाला दुःखमुक्तीचा मार्ग दाखवणाऱ्या महापुरुषाला माणसाच्या दातांची काळजी करणे कमीपणाचे वाटले नाही. आपणही त्यात कमीपणा मानू नये. रात्री निजण्यापूर्वी दात घासायचे असा नियम केला, तर निदान त्यानंतर पेला उचलताना मन एकदा विचारील, आणि तो विचार म्हणजेच शीलाची सुरुवात होय.

मननासाठी प्रश्न

१. ताडी आणि बिअर पाचव्या शीलात का येतात?
२. लाळ कमी झाल्याने दातांवर कोणते परिणाम होतात?
३. दारू आणि तंबाखू एकत्र घेतल्यास धोका का वाढतो?
४. दंतवैद्यापुढे खरे का सांगावे? यात कोणती दोन शिले येतात?
५. आपल्या घरात तोंडाची तपासणी या पौर्णिमेला कोण सुरू करील?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर वहीत लिहू नये. ते आरशासमोर उभे राहून द्यावे.